सात गोळ्यांची बंदूक असून ब्लेझर हरला कसा?

कोथरूड_ते_ॲशबर्न
मंडळी, आईबाबा सध्या इकडे व्हर्जिनियात आलेत. गेल्या शनिवारी पानांचे रंग बघायचं निमित्त काढून निघालो, रूट ७ ने शेनँडोआ नदी ओलांडून बेरीव्हिल आणि तिथून ३४० ने वर रिपनकडे. निमित्त अशासाठी म्हणतो की बाबांनी आधीच ठरवलं होतं, केबलटाउन बघायचं. मी इथे नऊ वर्षं राहतोय, नावही ऐकलं नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या जेफरसन काउंटीत आहे, गाव म्हणजे चार घरं, शेतं आणि एक चौक. आईने विचारलं, हेच बघायला एवढं पेट्रोल जाळलं का.

तर थोडक्यात गोष्ट. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढणारा जॉन मोस्बी, मूळचा वकील, अंगाने किरकोळ, पण याचे रेंजर्स लाउडन आणि फॉकिअर या काउंट्यांमधून रात्री निघायचे, उत्तरेच्या फौजेच्या रसदगाड्या मारायचे आणि सकाळी गायब. उत्तरेचा सेनापती शेरिडन याने वैतागून ऑगस्ट १८६४ मध्ये वॉशिंग्टनला कळवलं की माझ्याकडे १०० माणसं आहेत जी या मोस्बीच्या टोळीचा बंदोबस्त करतील, मला १०० स्पेन्सर रायफली द्या. त्या शंभरांचा प्रमुख कॅप्टन रिचर्ड ब्लेझर, ओहायोचा. स्पेन्सर म्हणजे त्या काळातलं जबरदस्त हत्यार, एकदा भरली की सात गोळ्या.

अडीच-तीन महिने ब्लेझरने रेंजर्सना खरंच सळो की पळो केलं. आणि १८ नोव्हेंबर १८६४ ला याच केबलटाउनजवळ मोस्बीचे शंभरेक लोक आणि ब्लेझरचे साठेक समोरासमोर आले आणि थोड्या वेळात ब्लेझरचं पथक संपलं. तो स्वतः पकडला गेला. समोरच्यांकडे फक्त सहाबारी पिस्तुलं होती.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. चौकात उभं राहून एकच विचारलं, "सातवाला सहावाल्याकडून मार कसा खातो रे?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा.

शेंगदाणा_कूट
वाचतेय. काकांचा प्रश्न एक नंबर.

मावळा_९६
यात विचारायचं काय? हा आपला गनिमी कावा आहे. महाराजांकडून जगाने शिकला, अमेरिकेने पण.

बखरवाचक
झालं, दुसऱ्याच प्रतिसादात आला गनिमी कावा. मला वाटलं पाचव्यात येईल.

अहो मावळे, साम्य आहे, नक्कीच आहे, पण मोस्बीने लहानपणी वाचलं होतं ते फ्रान्सिस मॅरियनचं चरित्र, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात दलदलीत लपून इंग्रजांना छळणारा तो. आठवणींत त्याने तसं लिहिलंय. अशा मुलखात अशी माणसं सगळीकडे होतातच, प्रत्येक वेळी आपली सही कशाला शोधायची.

साम्य खरं दुसरीकडेच आहे. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर असा फरक होता ना, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. मोस्बीचे रेंजर्स चक्क शिलेदार. दक्षिणेच्या घोडदळात घोडा स्वतःचाच आणायचा असे, तो गेला तर दुसरा मिळवणं तुमची जबाबदारी. छाप्यात मिळालेले घोडे त्यात भाग घेतलेल्यांमध्ये वाटले जायचे. म्हणजे खरी कमाई लुटीचीच. ब्लेझरची माणसं सरकारी घोड्यावर, आणि मुख्य म्हणजे ती मुळात पायदळातून निवडलेली. ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या रेजिमेंटांमधून. नेमबाज चांगले, चिवट, पण घोड्यावर जन्म काढलेले नाहीत. मला वाटतं उत्तर इथे आहे.

मावळा_९६
ठीक आहे काका, शिलेदार पण आपलाच शब्द आहे, मी खूष.

गणित_मास्तर
साधा हिशोब करू. रेंजर्सकडे प्रत्येकी दोन कोल्ट (तीच सहाबारी पिस्तुलं), काहींनी खोगिराला अजून दोन लटकवलेली. दोनच धरा. १०० माणसं गुणिले १२ गोळ्या, १२०० झाल्या. ब्लेझरचे ६० गुणिले ७, ४२०. संपला विषय. सातवाला सहावाल्याकडून हरलाच नाही, सातवाला बारावाल्याकडून हरला.

कोथरूड_ते_ॲशबर्न
मास्तर, बाबांना वाचून दाखवलं. "मग हे आधी सांगायचं ना" म्हणाले. पण लगेच पुढचा प्रश्न, स्पेन्सर लांबून मारते, पिस्तूल पंचवीस-तीस पावलांच्या पुढे भरवशाचं नाही, मग ते बाराशे बार झाडायला जवळ येऊ कसे दिले?

पंत_सचिव
हाच प्रश्न महत्त्वाचा आहे आणि याचं श्रेय मोस्बीचं नाही. मोस्बी त्या दिवशी तिथे नव्हताच. आदल्या एक-दोन दिवसांत ब्लेझरने मोस्बीच्या एका कंपनीला, कॅप्टन माँटजॉयच्या, झोडपून काढलं होतं, लूट परत घेतली होती. सप्टेंबरमध्ये मायर्स फोर्डला तर त्याने रेंजर्सना बेसावध गाठून डझनभर माणसं मारली होती. मोस्बीने मग दोन कंपन्या ॲडॉल्फस रिचर्ड्सच्या हाती दिल्या आणि हुकूम एवढाच की ब्लेझरला संपवा. या रिचर्ड्सचं वय किती? २० पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. टोपणनाव डॉली.

झालं असं. दोघांनी एकमेकांना पाहिलं तेव्हा मधे शेतं आणि लाकडी कुंपणं. ब्लेझरच्या माणसांनी बरोबर तेच सुरू केलं जे करायला हवं होतं, घोड्यावरून उतरायचं आणि लांबून स्पेन्सर चालवायची. रिचर्ड्सला कळलं की इथे थांबलो तर मेलो. त्याने अर्धी माणसं मागे वळवली, जणू कुंपण पाडून निघूनच चाललोत. उरलेली अर्धी तो स्वतः एका सखल जागी घेऊन थांबलेला, समोरून दिसणार नाहीत अशी. ब्लेझरला वाटलं पळाले. माणसं परत घोड्यावर चढवली आणि पाठलाग सुरू केला. सखल भागाच्या तोंडाशी आला तसा रिचर्ड्स बाहेर पडला आणि पळणारेही वळले. पुढचं सगळं हाताच्या अंतरावर.

शेंगदाणा_कूट
डॉली???

नागपुरी_तर्री
आमच्याकडचा डॉली चहा उंचावरून ओततो, हा गोळ्या जवळून. चुकला तर नाही न?

शेंगदाणा_कूट
😂😂 तर्रीभाऊ

घोडेवाला_व्हेट
नागपूरला व्हेटर्नरीला असताना एनसीसीच्या घोडदळात दोन वर्षं होतो, तेवढ्या अधिकारावर बोलतो. लोक हत्यारांबद्दल बोलतात, पण घोड्याच्या पाठीवर बसून हत्यार वापरायचं म्हणजे काय याची कल्पना नसते. घोडा दौडत असतो तेव्हा एक हात लगामाला लागतोच, मांडीवर कितीही हुकूमत असली तरी समोरून पन्नास घोडी अंगावर येताना तुमचा घोडा तुमचं ऐकेल याची खात्री नाही. आता स्पेन्सर बघा. दर गोळीला खालची लिव्हर ओढायची, वर आणून मिटवायची, मग अंगठ्याने घोडा (बंदुकीचा!) वेगळा चढवायचा, मग नेम. दोन्ही हात गुंतले. सात संपल्या की दस्त्याच्या बुडातून नळी काढून नवीन काडतुसं आत सोडायची. हे उतरून, कुंपणाच्या आडोशाला गुडघ्यावर बसून केलं तर एक माणूस पाच माणसांचं काम करतो. दौडत्या घोड्यावर केलं तर ती एक जड काठी.

कोल्ट एका हातात मावतं. अंगठ्याने चढवा, दाबा, चढवा, दाबा. रिकामं झालं की खोचा, दुसरं काढा. समोरच्याच्या कोटाला लावून दाबलं तरी चालतं. मोस्बी तर तलवारीलाही हसायचा, तिचा खरा उपयोग मांसाचा तुकडा विस्तवावर धरायला होतो, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय.

म्हणून काकांना सांगा, ब्लेझर हरला तो पाठलाग सुरू केला तेव्हा नाही. माणसांना परत रिकिबीत पाय घालायला सांगितलं तेव्हा.

पंत_सचिव
+१. रिकिबीचं वाक्य आवडलं.

टिळक_रोड
मान्य, पण मग ब्लेझर इतका मूर्ख होता का? तीन महिने ज्याने मोस्बीला नाचवलं तो असा फसतो?

बखरवाचक
मूर्ख मुळीच नव्हता. त्याची ताकद बंदूक नव्हतीच मुळी, बातमी होती. इतर युनियन (म्हणजे उत्तरेचे) अधिकारी गावात शिरले की धान्य उचल, कोंबड्या उचल, घरमालकाला दम दे. ब्लेझर लोकांशी नीट वागायचा, शत्रूच्या मुलखातसुद्धा, खुद्द रेंजर्सनी नंतर लिहिलेल्या आठवणींत हे कबूल केलंय. त्यामुळे त्याला माहिती मिळायची, मोस्बीसारखाच रात्री फिरायचा, छोट्या तुकडीने. मोस्बीचा डाव मोस्बीवरच.

त्या दिवशी नेमकी बातमी नव्हती. समोर किती आहेत हेच कळलं नाही, दिसले ते अर्धेच. पथकाचं नाव स्काउट, म्हणजे टेहळे, आणि सखल शेतात लपलेली पन्नास घोडी दिसली नाहीत.

टिळक_रोड
मग हे सांगा, घोडी खिंकाळत नाहीत का?

घोडेवाला_व्हेट
खिंकाळतात. पण वारा, अंतर आणि साठ घोड्यांच्या स्वतःच्या टापा. मला यात नवल वाटत नाही.

नीरजा_टी
सगळं छान चाललंय पण मला थोडं खटकतंय. आपण इथे मोस्बीच्या पोरांचं कौतुक करतोय, कशासाठी लढत होते ते कुणीच म्हणत नाहीये. ज्या घरांत हे रेंजर्स राहायचे, जेवायचे, तिथे स्वयंपाक कोण करत होतं? शेतात राबत कोण होतं? केबलटाउनपासून थोड्याच अंतरावर चार्ल्स टाउन आहे, तिथे जॉन ब्राउनला गुलामांना उठवल्याबद्दल २ डिसेंबर १८५९ ला फाशी दिली. त्याच काउंटीत पाच वर्षांनी हे.

मी लाउडनमध्येच राहते. रूट ५० ला इतकी वर्षं मोस्बीचं नाव होतं, आमच्या काउंटीने ते काढून लिटल रिव्हर टर्नपाइक केलं. लीसबर्गच्या हायस्कूलच्या टीमचं नाव रेडर्स होतं, मोस्बीवरूनच, तेही बदललं. त्या वेळी आपल्याच मराठी ग्रुपवर लोक म्हणत होते कशाला इतिहास पुसताय. मला तेव्हाही वाटलं, पुसत कुठे आहेत, रस्त्याला नाव देणं म्हणजे सत्कार असतो.

मावळा_९६
ताई, शौर्य आणि कारण वेगळं बघता येतं की.

नीरजा_टी
बघता येतं. पण आधी दोन्ही बघायला तरी हवं ना. इथे दहा-बारा प्रतिसाद झाले तरी एकच चाललं होतं.

पंत_सचिव
नीरजाताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि गंमत म्हणजे मोस्बीही त्यांच्याच बाजूने बोलला असता. युद्ध संपल्यावर तो ग्रँटचा (उत्तरेचा सरसेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष) समर्थक झाला, व्हर्जिनियात त्याबद्दल शिव्या खाल्ल्या, पुढे हाँगकाँगला अमेरिकेचा कॉन्सल होता. आणि म्हातारपणी दक्षिणेकडचे जुने सरदार "आम्ही राज्यांच्या हक्कांसाठी लढलो" वगैरे बोलू लागले तेव्हा याने पत्रात स्पष्ट लिहिलं की युद्ध गुलामगिरीवरूनच झालं. लढल्याची लाज वाटत नाही असंही लिहिलं, म्हणजे पश्चात्ताप वगैरे नाही. पण खोटं बोलला नाही.

अनामिक_वाचक
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

शेंगदाणा_कूट
काय लिहिलं होतं हो, आता झोप नाही लागणार.

टिळक_रोड
यात कैद्यांचं काय झालं? त्या सुमाराला दोन्हीकडून फाशीसत्र चालू होतं ना?

पंत_सचिव
हो, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय त्या दिवसाची चीड कळत नाही. ग्रँटने ऑगस्टमध्येच शेरिडनला लिहिलं होतं, मोस्बीचा माणूस सापडला तर खटल्याशिवाय लटकवा. २३ सप्टेंबरला फ्रंट रॉयल गावात सहा जणांना मारलं, काहींना गोळ्या, काहींना फास, त्यात एक १७ वर्षांचा मुलगा. मोस्बीने ६ नोव्हेंबरला २७ कैद्यांना चिठ्ठ्या उचलायला लावल्या आणि सात जण निवडले. त्यातल्या तिघांना फाशी झाली, बाकीचे कसेबसे वाचले किंवा निसटले. मग त्याने शेरिडनला पत्र पाठवलं, यापुढे माझ्या माणसांना युद्धकैदी माना, मीही मानतो. केबलटाउन त्या चिठ्ठ्यांनंतर बाराच दिवसांनी.

त्या दिवशी सकाळी जॉन प्युरिअर नावाचा एक पोरसवदा रेंजर ब्लेझरच्या हाती लागला होता. माहिती काढायला लेफ्टनंट कोल याने त्याला गळ्यात दोर घालून वर ओढलं, खाली सोडलं, परत ओढलं. पोरगा बोलला नाही. लढाई सुरू झाली तेव्हा तो कैदी म्हणून तिथेच, रेंजर्स आले तसा सुटला, पिस्तूल मिळवलं आणि कोलला शोधत गेला. कोलने तोवर शरणागती पत्करली होती. प्युरिअरने तरी गोळी घातली. त्याच्याच बाजूचे त्याला अडवत होते असं सांगतात.

नागपुरी_तर्री
बापा. मघाशी मस्करी केली ते मागे घेतो.

घोडेवाला_व्हेट
ब्लेझर स्वतः कसा सापडला तेही वाचण्यासारखं आहे, आणि तिथेही घोडाच. लढाई फिसकटल्यावर तो मायर्सटाउनवरून रिपनच्या दिशेने सुटला, चौघे मागे. त्यात सिड फर्ग्युसन, त्याची घोडी होती फॅशन नावाची, पंचक्रोशीत गाजलेली. तिने गाठलं. ब्लेझर थांबेना, फर्ग्युसनने गोळी न घालता बाजूला येऊन पिस्तुलाचा दस्ता डोक्यात हाणला आणि त्याला घोड्यावरून पाडलं. वर बखरवाचकांनी शिलेदार म्हटलं ते इथे पटतं. व्हर्जिनियाच्या त्या भागात शिकारीसाठी जातिवंत घोडी पाळायची पद्धत जुनी, अपरव्हिलचा घोड्यांचा मेळा १८५३ पासून चालू आहे आणि आजही भरतो. सरकारी तबेल्यातलं जनावर तिच्यापुढे काय टिकणार.

पंत_सचिव
आणि त्या चौघांत आणखी एक होता, लुइस पॉवेल. नाव ओळखीचं वाटतंय का कुणाला?

गणित_मास्तर
लिंकनच्या खुनातला??

पंत_सचिव
तोच. पाच महिन्यांनी, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, बूथ लिंकनवर गोळी झाडत होता तेव्हा हा परराष्ट्रमंत्री सेवर्डच्या घरात चाकू घेऊन शिरला. सेवर्ड वाचला, पॉवेलला जुलैत फाशी.

शेंगदाणा_कूट
अंगावर काटा. चार घरांच्या गावातून कुठे पोचलो.

टिळक_रोड
अवांतर : लिंकनवरून आठवलं. मोस्बीने मार्च १८६३ मध्ये फेअरफॅक्सला रात्री झोपलेला जनरल स्टॉटन बिछान्यातून उचलून नेला, सोबत ५८ घोडे. लिंकन म्हणे म्हणाला, जनरल मी दुसरा करीन, घोड्यांना पैसे पडतात.

गणित_मास्तर
आमच्या कंपनीत मॅनेजर सोडून गेला आणि जाताना प्रिंटरही नादुरुस्त झाला तेव्हा साधारण याच क्रमाने हळहळ झाली होती.

नीरजा_टी
😄

ब्लेझरचं पुढे काय झालं? तो हरला म्हणून त्याचं कुणी विचारतच नाहीये.

बखरवाचक
चांगलं विचारलंत. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला, ओहायोला आपल्या गॅलिपोलिसला परत गेला. १८७८ मध्ये मिसिसिपीच्या बाजूने पीतज्वराची मोठी साथ आली. जॉन पोर्टर नावाची टो-बोट आजारी खलाशी घेऊन ओहायो नदीतून वर येत होती, ती गॅलिपोलिसजवळ अडकली. गावकरी तिच्याजवळ जायला तयार नाहीत. ब्लेझर मदतीला गेला, आणि त्याच तापात वारला.

नीरजा_टी
रस्त्याला याचं नाव द्यायला हवं होतं.

मावळा_९६
ताई, या वेळी पूर्ण सहमत.

कोथरूड_ते_ॲशबर्न
सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले, दीड तास गेला, मधे दोनदा चहा झाला. निकाल असा. मास्तरांचा हिशोब बरोबर पण अपुरा, साठांनी कुंपण सोडलं नसतं तर ४२० गोळ्या पुरल्या असत्या. व्हेटसाहेबांचं उत्तर मान्य. वर्कशॉपच्या भाषेत त्यांचं म्हणणं असं, पाना चांगला होता पण चालत्या गाडीखाली शिरून वापरायला गेला.

फक्त टिळक रोड यांच्या प्रश्नावर ते अडून आहेत. तीन महिने जो माणूस शहाणा तो त्या दिवशी घाईत का? त्यांच्या मते दोन दिवसांपूर्वीचा माँटजॉयवरचा विजय नडला. रेंजर्स आपल्याला बघून पळतात हे त्याने नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे परत पळताना दिसले तेव्हा ते खोटं वाटलंच नाही.

पंत_सचिव
काकांना दंडवत सांगा. हे मला सुचलं नव्हतं.

टिळक_रोड
पटलं. माझ्याकडून केस बंद.

शेंगदाणा_कूट
आम्ही थँक्सगिव्हिंगला नणंदेकडे येतोय तिकडेच, बेरीव्हिलला बघण्यासारखं काय?

कोथरूड_ते_ॲशबर्न
गाव सुंदर आहे, जुनी दगडी घरं. आणि मोस्बीने ऑगस्ट ६४ मध्ये शेरिडनची रसद मारली ती तिथेच, शेकडो घोडे-खेचरं नेली होती. त्यानंतरच शेरिडनने त्या शंभर स्पेन्सर मागितल्या. खायला घरून घेऊन जा, आम्ही पोळ्यांचे रोल आणि लोणचं नेलं होतं, नदीकाठी बसून खाल्लं.

आणि हो, आईचा एक प्रश्न राहिलाय. ती इतका वेळ गप्प ऐकत होती, शेवटी म्हणाली, माणसांचं सगळं सांगितलंत, त्या साठ घोड्यांचं काय झालं?

घोडेवाला_व्हेट
जे धडधाकट हाती लागले ते वाटून घेतले असणार, रीतच ती होती. काकूंना सांगा की मोस्बीचे लोक घोड्यांना जपायचे, फॉकिअर-लाउडनमध्ये मका आणि गवताची कमी नव्हती.

पुढचं सांगू नका मात्र. दहा दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, शेरिडनने आपल्या मेरिट या सेनाधिकाऱ्याचं घोडदळ त्याच फॉकिअर-लाउडन भागात पाठवलं. पाच दिवस कोठारं, गिरण्या, गंज्या जाळत फिरले, जनावरं हाकून नेली.

कोथरूड_ते_ॲशबर्न
उशीर झाला, ती माझ्या खांद्यावरून वाचतेय.